काटा

दिवसभर मी माशांची वजनं करते.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये
काट्यावर क्रेट चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी बटण दाबते, पट्टी छापून येते.
इतका जड कसा झालास,
असं कॉडला कुणी विचारत नाही.

संध्याकाळी रबरी हातमोजे उलटे करते
तर आत खवले.
अर्धे त्यांचे, अर्धे माझे.
त्यांचे चकाकतात.

पहिला डाग कोपरावर आला तेव्हा मी एकोणतीसची होते.
आईनं मेंढीची चरबी चोळली,
म्हणाली, वाऱ्यानं होतं.
आमच्या बेटांवर सगळं वाऱ्यानंच होतं:
मांस वाळतं, छपरं उडतात, माणसं गप्प होतात.

मग गुडघे. मग पाठ. मग केसांच्या मुळाशी.
मग पोटाच्या वळीखाली, जिथे
माझीच कातडी माझ्याच कातडीवर घासते
आणि भांडण मिटवायला तिसरं कुणी नसतं.

आधी पोहणं सोडलं.
पाण्याची काही तक्रार नव्हती,
पण एक पोरगी मोठ्यानं म्हणाली,
आई, त्या बाईची सालं निघतायत.
मग नाच सोडला. आमच्या नाचात
सगळ्या गावानं हातात हात घालायचे असतात,
आणि शेजाऱ्याच्या बोटांना
माझं मनगट धरताना पडलेला तो एक क्षणाचा विचार
मला ऐकू यायचा.
मग घर. बटाटे, लोणी, रुबार्बचा मुरंबा.
खाल्लेलं अंगी लागतं म्हणतात.
लागलं.

डॉक्टर होग्नी माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला.
त्यानं मला काट्यावर उभं केलं.
एकशे बारा.
म्हणाला, चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे, बेर्गल्योत,
ती जागी असते. आत धुमसत राहते,
वर धूर नाही, पण जमीन गरम.
आणि कातडीला सांगावा धाडते: घाई कर, घाई कर.
म्हणून महिन्याचं काम ती चार दिवसांत उरकते.

मी हसले. आयुष्यात या एकाच कामात चपळ निघाले.

विचारलं, आधी काय, होग्नी?
वजनानं खवले आले, की खवल्यांनी वजन?
खाडीत धुकं शिरत होतं, तो तिकडेच बघत राहिला.
प्रामाणिक पोरगा.
म्हणाला, दोघं हात धरून नाचतात.
पहिला कोण उठला, कुणी पाहिलंय?

हिवाळाभर बोगद्याच्या तोंडापर्यंत चालत गेले,
परतताना वारा समोरून.
मुरंब्याच्या बरण्या बहिणीला देऊन टाकल्या
(दोन ठेवल्या).
मार्चमध्ये गुडघे कोरे झाले.
जी सुई आधी माझ्यात बुडून जायची
तीच आता कुठेतरी पोचू लागली.
सगळ्यांनी वजनाचं कौतुक केलं.
गुडघे कुणी कधी पाहिलेच नव्हते.
आमच्याकडे साप नाहीत,
त्यामुळे कात टाकणं म्हणजे काय
हे इथे कुणाला समजावून सांगू?

कोपर मात्र हलत नाही.
अकरा वर्षांचा भाडेकरू,
चौदा किलो सामान खाली उतरवलं तरी
खोली सोडत नाही.

काल पाळी संपल्यावर मारयून म्हणाली, दिवे मी घालवते.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि बूट काढून
माशांच्या काट्यावर चढले.
आकडा थरथरला, थांबला. हात लांब करून बटण दाबलं.
पट्टी आली:
कॉड, पहिली प्रत, अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

मारयून हसून हसून खाली बसली.
मीही.

मग ती पट्टी कोपरावर लावून पाहिली.
डाग तिच्याहून मोठा.
सोलून काढली तेव्हा दोन खवले चिकटून आले.
चकाकत होते की काय, कुणास ठाऊक,
तेवढ्यात तिनं दिवे घालवले.